पुरे म्हणायची सोय

"या शहरात लोक पितात काय?" असं त्यानं विचारलं तेव्हा आम्ही साइटवरच्या पोर्टाकेबिनमध्ये बसलो होतो आणि माझ्यापुढे सळयांचा हिशेब होता. मी मान वर न करता म्हटलं, "चहा."

"आणि?"

"आणखी चहा."

तो हसला नाही, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.

साल मी छातीठोकपणे सांगणार नाही. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता, आमची मुलगी केजीत होती, आणि शुक्रवारची सुटी, गुरुवारचा अर्धा दिवस अशी तेव्हाची दुबई होती. मी एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होतो. इमारतीला काय किती लागेल ते आधी काढायचं आणि काय किती लागलं ते नंतर मोजायचं, एवढंच माझं काम. तो आमच्या कामावर भागीदार कंपनीनं पाठवलेला जपानी इंजिनिअर. कागदावर माझा वरिष्ठ, पण वयानं माझ्याएवढाच, आणि पुढे जे झालं त्यानंतर त्याला 'ते' म्हणणं मला जमणार नाही. तो मात्र शेवटपर्यंत माझ्या आडनावाला 'सान' लावूनच हाक मारत राहिला. आमचे कोकणातले कामगार त्याला 'जपानी भाऊ' म्हणत. त्याला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

"माझी बायको जानेवारीत येते," तो म्हणाला. "दोन आठवडे. बघायला."

"दुबई बघायला?"

"राहता येईल का ते बघायला."

दोन वर्षं तो बर दुबईत कंपनीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. कंपनीला त्याची मुदत वाढवायची होती, त्यालाही इथलं काम आवडत होतं, पण आणखी एकटं राहायची त्याची तयारी नव्हती. बायकोनं पत्रातून स्पष्ट कळवलं होतं की ती येईल, पाहील आणि मग सांगेल. ती नाही म्हणाली तर उन्हाळ्याआधी तो परत जाणार. मीसुद्धा आधी एकटाच आलो होतो, बॅचलर रूममध्ये चौघांत राहिलो होतो, मग फॅमिली व्हिसा झाल्यावर हिला आणलं. त्यामुळे त्याला काय होत असेल ते मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण यात पिण्याचा काय संबंध?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं मला त्याच्या शहराबद्दल सांगितलं. समुद्राकाठचं मध्यम शहर. त्याच्या बायकोचा दिवस तिथे पेयांनी बांधलेला होता. सकाळी भाजलेल्या पानांचा पातळ तपकिरी चहा, त्यात ना दूध ना साखर. हिवाळ्यात कामावर जाताना रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मशीनमधून गरम कॉफीचा डबा घ्यायचा, आधी दोन्ही हातांत धरून हात शेकायचे आणि मग प्यायचा. संध्याकाळी स्टेशनाजवळ जेमतेम सहा खुर्च्यांचं कॉफीचं दुकान होतं. त्या मालकानं तिचा कप वेगळा ठेवला होता. ती आत आली की न विचारता तो कप खाली काढायचा. शनिवारी नवराबायको मिळून गल्लीतल्या एका छोट्या गुत्त्यात तांदळाची दारू प्यायची, तीही मोजकी.

"जेवणाचं ती बघून घेईल," तो म्हणाला. "तांदूळ इथे मिळतो. पण संध्याकाळी बाहेर पडून जिथे बसता येईल, काहीतरी पिता येईल, आणि समोरचा माणूस ओळखेल, अशी एक जागा हवी. नसेल तर ती राहणार नाही. मला माहीत आहे."

मी विचार केला. मी अल कुसैसला राहायचो. पुरुषांना अशा जागा पावलोपावली होत्या. आमच्या हिला? पाच वर्षांत तिची जागा म्हणजे आमची बाल्कनी. हा हिशेब मी तोवर कधी मांडला नव्हता.

मग आम्ही दर गुरुवारी दुपारनंतर निघू लागलो. त्याच्याकडे कंपनीची गाडी होती, माझ्याकडे पत्ते. साइटची पाहणी करावी तशीच आम्ही ही पाहणी केली, आणि आज लिहिताना कबूल करायला हरकत नाही की त्या गुरुवारांएवढी मजा मला दुबईत फार कमी वेळा आली.

सुरुवात आमच्याच बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियापासून. मलबारी मालक, बाहेर गाड्यांची रांग. कुणी गाडीतून उतरायचं नाही. हॉर्न वाजवायचा, बोटांनी आकडा दाखवायचा आणि आतला माणूस कागदी कप घेऊन खिडकीशी. तो चहा म्हणजे कडक, तिकडच्या बोलीत 'करक'. डब्यातलं आटवलेलं दूध, भुकटीसारखी बारीक पत्ती आणि साखर इतकी की चमचा उभा राहील. अर्धा दिरहम, पन्नास फिल्स. "म्हणजे पाच रुपये," मी सवयीनं मोठ्यानं म्हणालो. त्यानं गंभीरपणे मान हलवली, जणू येनमध्येही सांगेन अशी त्याची अपेक्षा होती.

घोट घेऊन तो म्हणाला, "हे पेय नाही. हे मिष्टान्न आहे."

"आवडलं?"

"हो. पण गाडीतल्या गाडीत प्यायचं, तर ती भेटणार कुणाला? स्टिअरिंगला?"

मग देरा बाजूला खाडीच्या धक्क्यावर गेलो. तिथे इराणी गलबतं लागायची आणि खलाशी फळ्यांवर बसून काळा चहा प्यायचे. चहात साखर घालायची नाही, खडीसाखरेचा तुकडा दातात धरायचा आणि त्यातून चहा ओढायचा. हे त्याला इतकं आवडलं की तीन गुरुवार तो तिथेच चला म्हणाला. बिनदुधाचा होता ना. पण तिथे बाईमाणूस एकही दिसलं नाही. शारजाच्या रोला भागात ज्यूसची दुकानं पाहिली. आंबा, स्ट्रॉबेरी आणि अ‍ॅव्होकाडो असे थर लावलेला उंच ग्लास, त्याला 'कॉकटेल' म्हणायचे. शारजात दारूबंदी, त्यामुळे त्या शब्दावर तो बराच वेळ हसत होता. तिथे फॅमिली रूम होती, पडदे होते. पण पडद्याआड बसायचं तर ओळखणार कोण? बिर्याणीबरोबरचं लबन, म्हणजे बाटलीतलं ताक, त्यानं एकदाच चाखलं. रमजानात मिळणारं चिंचेचं सरबत तो महिना नसल्यामुळे राहिलं. हॉटेलांतले बार होते, लायसन्सवाले, पण तिथला एक ग्लास आमच्या कॅफेटेरियाच्या आठवडाभराच्या चहाला भारी. शिवाय तो म्हणाला, "तिथे सगळे परके. मलाच तिथे एकटं वाटतं."

एका गुरुवारी आमचा मुकादम त्याला कामगारांच्या कॅम्पात घेऊन गेला आणि गावाहून आलेल्या आमसुलांचं सरबत पाजलं. "जपानी भाऊ, ह्या पी. पोटाक बरा," एवढं मालवणीत बोलून मुकादम मोकळा झाला. जपानी भाऊंनी पूर्ण ग्लास संपवला आणि वाकून नमस्कार केला. मुकादमही वाकला. मग पुन्हा तो वाकला. शेवटी मी म्हटलं, "यल्ला, चला, नाहीतर हे रात्रभर चालेल."

डिसेंबर संपेपर्यंत आमची पाहणी पूर्ण झाली. जागा पुष्कळ, पण त्याच्या बायकोसाठी पक्की अशी एकही नाही. मी तसं सांगितलंही. खोटा अंदाज देणं माझ्या धंद्यात बसत नाही.

जानेवारीत ती आली. बारीक, नीटनेटकी, सुती टोपी घालणारी. बोलणं अगदी हळू. त्यानं तिला सगळीकडे नेलं. आठवडाभरानं साइटवर भेटला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय म्हणतात वहिनी?"

"सगळं छान म्हणते."

"मग?"

"तेच वाईट. तिला एखादी गोष्ट आवडली ना, की ती त्यात खोट काढते. कप जड आहे, पाणी जरा जास्त तापलंय, असं. इथे सगळं छान. खाडी छान, ज्यूस छान, समुद्र छान. आत्तापासूनच ती पाहुण्यासारखी वागते आहे."

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मग घरी बोलवा की त्यांना. दोन पुरुष मिळून बाईमाणसासाठी गाव पालथं घालताय, आणि घरचा चहा काय वाईट आहे?"

मला पटलं. बुधवारी संध्याकाळी ती दोघं आली.

आता काय झालं ते नीट सांगतो, कारण त्यात कुणाचीच दानत वाईट नव्हती. आमच्याकडे खास पाहुणा आला की चहात पाणी घालत नाहीत. निव्वळ दुधाचा, आलं-वेलची घातलेला, कपावर साय धरणारा. आपण कुणाला मान देतो तो असा. हिनं घरातले सगळ्यात मोठे कप काढले. आम्ही दोघं पुरुष बाल्कनीत उभे राहून समोरच्या बिल्डिंगच्या स्लॅबबद्दल बोलत होतो. आत बायका.

त्या बाईंना लहानपणापासून शिकवण अशी की यजमानानं दिलेलं संपवायचं. मागे ठेवलं तर अपमान. म्हणून तिनं कप संपवला. आमच्याकडची शिकवण अशी की पाहुण्याचा कप रिकामा दिसला तर भरायचा. न भरला तर अपमान. म्हणून हिनं तो भरला. तिनं तो संपवला. हिला वाटलं, वा, आवडलेला दिसतोय.

"घ्या हो वहिनी, अर्धा कप! हाफ! ओन्ली हाफ!" एवढं आम्हाला बाहेर ऐकू आलं आणि मी त्याला अभिमानानं म्हणालो, "बघा, जमलं दोघींचं."

आमची मुलगी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. ती म्हणाली, "आई, आय थिंक शी डझन्ट वॉन्ट इट."

"तू गप गं. पाहुण्यांसमोर इंग्लिश नको झाडूस."

अर्धा म्हणून ओतलेला तो कपही काठोकाठच होता. तिसरा कप संपला आणि ती उठली, बाथरूम विचारली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा चेहरा पांढराफटक. तरी वाकून म्हणाली, "व्हेरी नाइस."

खाली गाडीपर्यंत मी सोबत गेलो. तेव्हा त्यानं हळूच सांगितलं की तिला दूध अजिबात पचत नाही, चमचाभरही नाही. "तिनं सांगितलं का नाही?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या मिसेस इतक्या आनंदानं देत होत्या. कशी सांगेल?"

वर आलो तर ही ओट्याशी डोळे पुसत उभी. मुलीनं सगळा वृत्तांत दिला होता. "जा बाई परत म्हणावं जपानला," ही म्हणाली. "मीच पाठवलं तिला परत. तीन कप! अहो, तीन कप निव्वळ दुधाचे!" मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "तुम्ही बाल्कनीत सिमेंट मोजत बसा."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अर्ध्या दिवसानं मी घरी आलो तर ही तयार होऊन बसलेली, हातात थर्मास. आत काय, तर पेज. आंबेमोहोर शिजवून, वरचं पाणी राखून, चिमूटभर मीठ घालून केलेली पातळ पेज. आमच्याकडे आजाऱ्याला देतात ती. मी म्हटलं, "अगं, आता पुन्हा आपल्या हातचं काही नको."

"दूध नाही यात. आणि ओतणार नाहीये मी. ठेवून येणार. प्यायची तर पितील."

बर दुबईला गेलो. ती बाई सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. हिनं थर्मास टेबलावर ठेवला आणि हात मागे घेऊन उभी राहिली, शाळेतल्यासारखी. त्यानं झाकण उघडून वास घेतला, आपल्या भाषेत बायकोला एक शब्द म्हणाला, आणि ती एकदम उठून बसली. त्यांच्याकडेही आजारी माणसाला नेमकी हीच देतात. तिनं वाटीभर घेतली. प्यायली. मग हिच्याकडे बघून म्हणाली, "सॉल्ट, लिटल मोअर."

तिच्या नवऱ्यानं माझ्या दंडाला धरलं. "ऐकलंत? खोट काढली!"

पण आनंद अर्धाच होता. त्या दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत बसल्या. दोघींचं सारखंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमलं. घरी जाताना हिनं मला सांगितलं ते असं. ती बाई म्हणाली, माझ्या गावातही मला नाही म्हणता येत नाही. पण तिथे समोरच्याला माझ्या चेहऱ्यावरून कळतं, कधी थांबायचं. इथे सगळे इतके प्रेमळ आहेत, आणि थांबत कुणीच नाही. टॅक्सीवाला थांबत नाही, दुकानदार थांबत नाही, ज्यूसवाला वर आणखी एक फुकट देतो. मला इथे सारखं थकायला होतं.

"म्हणजे राहणार नाही," मी म्हणालो.

"मला तरी तसंच वाटतंय," ही म्हणाली.

आणि नेमकं त्याच वेळी अरबाबचं बोलावणं आलं. अरबाब म्हणजे आमच्या कंपनीचे स्थानिक भागीदार, अजमानचे. वयस्कर, सावकाश बोलणारे. जपानी इंजिनिअरची बायको आली आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. शुक्रवारी नमाजानंतर दोन्ही कुटुंबांनी घरी यावं. असं बोलावणं नाकारायचं नसतं. तो मला म्हणाला, "तिथे काय देतात?" मी खरं ते सांगितलं. खजूर आणि गहवा, म्हणजे वेलचीची कॉफी. दूध नसतं. पण कप रिकामा झाला की भरतात. भरतच राहतात.

त्यानं डोळे मिटून घेतले.

अजमानचं ते घर समुद्रापासून जवळ होतं. आत गेल्यावर बायका एका दारानं, आम्ही दुसऱ्या. आमची मजलिस लांबलचक, भिंतीकडेनं गाद्या. अरबाब "हबीबी, हबीबी" म्हणत त्याच्याशी मासेमारीबद्दल बोलत होते आणि त्याचं अर्धं लक्ष बंद दाराकडे. तिकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज यायचा, मग मध्येच शांतता. शांतता झाली की तो माझ्याकडे बघायचा. मी तरी काय करणार? त्या दारातून जायची आम्हाला सोय नव्हती. आम्हाला गहवा देणारा माणूस चोचीच्या दल्ल्यातून, म्हणजे पितळी किटलीतून, हातभर उंचावरून नेमका कपाच्या तळाशी दोन-तीन घोटच ओतायचा. मी मनात हिशेब करत होतो, इतका लहान कप, दूध नाही, जास्तीत जास्त काय होईल. पण या गोष्टीत आकडा उपयोगाचा नव्हता. दुधाचा तर प्रश्नच उरला नव्हता. त्या बाईला आणखी एकदा कुणी प्रेमानं दमवलं तर सोमवारच्या परतीच्या विमानानं ती कायमची जाणार होती.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, हिच्याकडून ऐकलेलं आहे, म्हणून तसंच लिहितो.

अरबाबची आई मध्यभागी बसली होती. तोंडावर त्या पिढीच्या बायकांचा चकचकीत सोनेरी-निळा मुखवटा, हाताला मेंदी. सून गहवा ओतत होती. जपानी वहिनींनी पहिला कप संपवला. भरला. दुसरा संपवला. भरला. ही सांगत होती, "अहो, मला तर धडधडायला लागलं. मी त्या सुनेला म्हटलं खलास, खलास, पण मी माझ्या कपाबद्दल बोलतेय असं वाटून तिनं माझाच घेतला काढून!" तिसऱ्या कपाच्या वेळी म्हातारीनं वहिनींचा चेहरा पाहिला. काय दिसलं तिला कोण जाणे. ती हसली, पुढे झुकली, वहिनींचं मनगट धरलं आणि रिकामा कप डावीउजवीकडे दोनदा हलवला. बस. सून लगेच थांबली. काही विचारलं नाही, आग्रह नाही, वाईट वाटलेलं नाही. कप घेतला आणि पुढे गेली.

"असं असतं होय?" वहिनींनी हिला विचारलं. हिला तरी कुठे माहीत! पाच वर्षं आम्ही त्या देशात राहत होतो, आणि अरबांच्या घरात बायकांकडे ती पहिल्यांदाच बसली होती. मी ती खूण ऑफिसात पाहिली होती, पण घरी सांगावी असं कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं तेव्हाही ती सुचली नाही.

मग म्हणे वहिनींनी स्वतः होऊन कप पुढे केला. सुनेनं ओतला. वहिनी तो प्यायल्या आणि त्यांनी कप हलवला. सून थांबली. वहिनींनी पुन्हा पुढे केला. पुन्हा हलवला. म्हातारी पोट धरून हसायला लागली, मग सून, मग सगळ्या. आम्हाला बाहेर आलेला मोठा आवाज तो होता. आम्हाला वाटलं काहीतरी सांडलं.

परतताना गाडीत ती बाई बोलायची थांबेना. दोन आठवड्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. नवरा गाडी चालवत भाषांतर करत होता, तेही अर्धवट, कारण तोच हसत होता. ती म्हणत होती की खजूर फार गोड होते. कॉफी पातळ होती, पण वेलची ताजी नव्हती. गादी कडक होती. आणि शब्दाविना, कुणाला न दुखवता, पुरे म्हणायची सोय ज्या गावानं करून ठेवली आहे, त्या गावातल्या लोकांना डोकं आहे. तिच्या आईच्या घरी अशी सोय असती तर तिचं निम्मं बालपण सुखात गेलं असतं.

ही मागच्या सीटवरून मला म्हणाली, "ऐकलंत? आपल्याकडेही चालू करायला हवं."

"आधी तू ओतायचं थांबव."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

सोमवारी ती गेली. घर आवरायला गेली. एप्रिलमध्ये दोन मोठ्या बॅगा आणि खोक्यात बांधलेला स्वतःचा कप घेऊन परत आली.

आम्ही गुरुवारी हिंडून हेरलेल्या जागांपैकी एकही तिनं घेतली नाही. दर मंगळवारी ती कुसैसला येऊन हिला घ्यायची आणि दोघी टॅक्सीनं अजमानला त्या म्हातारीकडे जायच्या. तिघींची एक अशी भाषा नव्हतीच. काय बोलत होत्या ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कळलं नसतं. म्हातारीनं भिंतीतल्या कोनाड्यात त्यांच्यासाठी दोन कप वेगळे ठेवले होते, असं ही सांगायची. मंगळवारी मी घरी यायचो तेव्हा हिच्या साडीला त्या घरातल्या बुखूरचा, त्यांच्या धुपाचा, वास असायचा आणि ही स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणत असायची. तो वास मला अजून कुठे आला तर मी रस्त्यात थांबतो.

आता मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरमध्ये राहतो. तेव्हा तिथे नुसती वाळू होती. कुसैसचं ते कॅफेटेरिया अजून आहे, पण चहा दीड दिरहमला झाला आहे आणि हॉर्न वाजवायला बंदी आली आहे. देऱ्याच्या धक्क्यावर पर्यटक फोटो काढतात. मुलगी कॅनडात कसलीतरी बिनदुधाची पानांची भुकटी पिते आणि फोनवर मला तिचे फायदे सांगते.

तो शेवटचा गुरुवार दोन हजारनंतरच्या सुरुवातीच्या कुठल्याशा वर्षातला. काम संपलं होतं, त्याच्या कंपनीनं परतीचं पत्र दिलं होतं. आम्ही धक्क्यावर फळीवर बसलो होतो, दातात खडीसाखर. तो सुटणाऱ्या गलबताकडे बघत होता.

"गावाची आठवण येते?" मी विचारलं.

"येते. मला जायचंय," तो म्हणाला. "माझी आई म्हातारी झालीय. तिथे घर आहे. पण बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, तू हो पुढे."

"म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारी तिला काम असतं." त्यानं चहा ओढला, साखरेचा तुकडा दुसऱ्या गालात सरकवला आणि माझ्याकडे वळला. तोच पोर्टाकेबिनमधला गंभीर चेहरा. "तुम्ही हिशेबाचे माणूस आहात. आता तिला परत कसं न्यायचं, ते सांगा."

मी पुष्कळ विचार केला. मग खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही.